हिरव्या पाण्याची साक्ष



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. मी त्यांच्या पंक्तीतला नव्हे. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी संपले आणि पुढचे आयुष्य कापडगिरणीत व गिरणीच्या फाटकावर कामगारांच्या सभा घेण्यात गेले. त्यामुळे ‘गोड्या पाण्यातील सूक्ष्म शेवाळ’ हा विषय मी कळविला तेव्हा चालकांनी मला दोनदा विचारून घेतले, की विषय हाच ना? विषय हाच. तो माझ्या वाट्याला कसा आला, ते आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कामगार वसाहतीत उन्हाळ्याच्या ऐन भरात नळाला हिरवे पाणी येऊ लागले. हंड्यात भरून ठेवले, की सकाळी कडेला हिरवा थर बसलेला. मी द्वारसभेत गर्जना केली, की हे पाणी नव्हे, विष आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण शिष्टमंडळ घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलो. तेथील अधिकारी शांत स्वभावाचे होते. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “शेवाळ कोणते?” आम्ही पाचजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. शेवाळ म्हणजे शेवाळ. त्यात कोणते आणि कसले? ते म्हणाले, “शेवाळ निरुपद्रवी असते. पाणी उकळून प्या.” मग त्यांनी आम्हांला चहा पाजला. तो चहा पिऊन आम्ही परतलो.

त्या गृहस्थांनी तो प्रश्न आम्हांला वाटेला लावण्यासाठी विचारला होता, हे मला तेव्हाच कळले. परंतु प्रश्न बरोबर होता, हे कळायला मात्र पुस्तके वाचावी लागली. आजचे व्याख्यान त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. तो इतिहास साडेतीनशे वर्षांचा आहे.

हॉलंडमध्ये डेल्फ्ट नावाच्या गावी आंतोनी फान लेव्हेनहूक नावाचा एक कापडदुकानदार होता. त्याला लॅटिन येत नव्हते, आणि त्या काळी लॅटिन न येणारा मनुष्य विद्वानांत मोजला जात नसे. कापडाचा पोत पाहण्यासाठी कापडवाले भिंग वापरीत. आमच्या गिरणीतही इंचात उभे-आडवे धागे किती, हे मोजावयाला पिक-ग्लास असे; मी स्वतः ती अनेक वर्षे डोळ्याला लावली आहे. म्हणून या माणसाविषयी मला विशेष आपुलकी वाटते. त्याने पुढे स्वतःच्या हाताने इवलीशी भिंगे घासून तयार केली. ती त्या काळच्या बहुतेक यंत्रांपेक्षा सरस होती. १६७४ च्या सप्टेंबरात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या डच भाषेत एक पत्र पाठविले. डेल्फ्टपासून दोन तासांच्या वाटेवर एक सरोवर होते. हिवाळ्यात त्याचे पाणी नितळ असे. उन्हाळ्यात ते पांढुरके होई आणि त्यात हिरवे ढग तरंगत. आसपासचे शेतकरी म्हणत, त्या दिवसांत मधासारखे दव पडते, त्यामुळे असे होते. लेव्हेनहूकने ते पाणी बाटलीत भरून आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरले. त्याला हिरव्या पट्ट्या दिसल्या. सापाच्या वेटोळ्यांसारख्या, पण अगदी शिस्तीत गुंडाळलेल्या. दारू गाळणारे लोक ती थंड करण्यासाठी तांब्याची नागमोडी नळी वापरतात, तशा त्या आहेत, असे त्याने लिहिले. अनेक विद्वानांनी मानले आहे, की त्याने पाहिलेले शेवाळ म्हणजे स्पायरोगायरा. आपल्या ओढ्याच्या संथ डोहात जे रेशमाच्या लडीसारखे गुळगुळीत शेवाळ हाताला लागते, त्यात ते हमखास सापडते. शेतकऱ्यांनी दवाचे अनुमान केले आणि दुकानदाराने पाण्याचा थेंब पाहिला. फरक एवढाच होता.

यानंतर दीडशे वर्षे या सूक्ष्म जीवांचे वर्णन होत राहिले, पण ते प्राणी की वनस्पती, याचाच घोळ मिटेना. बर्लिनच्या एरेनबर्गने १८३८ मध्ये ६४ चित्रपत्रांचा एक अतिभव्य ग्रंथ काढला. त्यातील चित्रे आजही पाहत राहावीत अशी आहेत. परंतु या एकपेशीय जीवांना अनेक पोटे असतात, हे त्याचे मुख्य मत साफ चुकीचे ठरले. उलट क्युट्झिंग नावाच्या एका औषधविक्याने १८३४ मध्ये शोधून काढले, की काही शैवलांचे कवच सिलिकेचे, म्हणजे ज्या द्रव्याची वाळू व काच होते त्या द्रव्याचे असते. यांना आपल्याकडे करंडक वनस्पती म्हणतात. नाव सुरेख आहे, कारण कुंकवाच्या करंड्याचे जसे बूड आणि झाकण, तशीच यांच्या कवचाची दोन शकले एकात एक बसलेली असतात. कवच काचेचे असल्याने वनस्पती मेली तरी ते कुजत नाही; तळाच्या गाळात हजारो वर्षे टिकते. त्यावरील रेघा आणि ठिपके मोजून जात ठरवितात. धागे मोजण्यासारखेच हे काम!

आता लंडनकडे वळू, कारण शेवाळाचे शास्त्र प्रयोगशाळेतून प्रथम भररस्त्यात आले ते तेथे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या शहराचा पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांच्या हाती होता आणि त्यांपैकी काही कंपन्या थेम्स नदीच्या ज्या भागात शहराची गटारे येऊन मिळत, त्याच भागातून पाणी उचलीत. आर्थर हिल हॅसल नावाच्या डॉक्टरने १८४५ मध्ये ब्रिटनच्या गोड्या पाण्यातील शैवलांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला होता. पाच वर्षांनी त्याने तेच ज्ञान वेगळ्या कामाला लावले. निरनिराळ्या कंपन्यांचे पाणी घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, थेंबाथेंबात काय आढळले त्याची रंगीत चित्रे काढली आणि १८५० मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. कंपनीगणिक चित्र! ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने त्याच वर्षी लंडनच्या पाण्याच्या थेंबाचे व्यंगचित्र काढले. जे पाणी सगळे पितात ते दिसते कसे, हे ग्राहकाला प्रथमच दिसले. १८५२ मध्ये कायदा झाला. त्यान्वये घरगुती वापराचे पाणी गाळूनच द्यावे आणि थेम्सचे पाणी टेडिंग्टनच्या बांधाच्या वरच्या अंगाने, म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्याबाहेरून घ्यावे, असे बंधन आले. कायद्याची कारणे अनेक होती. १८४९ च्या पटकीचे भय त्यांत मोठे होते. परंतु हॅसलच्या चित्रांचा त्यात वाटा नव्हता असे कोणी म्हणणार नाही.

येथे मी थोडा थांबतो, कारण आमच्यासारख्या चळवळ्या माणसाला हॅसलची कथा फार गोड लागते आणि तीच आम्हांला चकविते. पाण्यात जीव दिसले म्हणजे पाणी घातक, असे हॅसलच्या वाचकांनी मानले. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाने शेकडो माणसे नेली. त्या हापशाच्या पाण्याचा आसपासच्या भागात चांगला लौकिक होता. हॅम्पस्टेडला राहावयास गेलेली एक वृद्ध विधवा आवड म्हणून त्या पाण्याची बाटली मुद्दाम मागवीत असे. तीही पटकीने वारली. जॉन स्नो या डॉक्टरने तो प्रकार उलगडला तो थेंब पाहून नव्हे, तर कोणत्या घरी कोणते पाणी जात होते हे दारोदार विचारून. याचा अर्थ असा, की हिरवे पाणी निर्दोष असू शकते आणि चांगल्या लौकिकाचे पाणी मारू शकते. मग शेवाळ ओळखून उपयोग काय?

उपयोग हा, की शेवाळाची प्रत्येक जात आपल्याला मानवेल तेथेच वाढते. ती साक्षीदार आहे, आरोपी नेहमीच असते असे नाही. डेस्मिड म्हणून अतिशय देखणी हिरवी शैवले आहेत. त्यांची पेशी मध्यावर कमरेसारखी बारीक होऊन दोन समान अर्धांची झालेली दिसते. बहुतेकींना मृदू, किंचित आंबट आणि अन्नद्रव्ये कमी असलेले पाणी लागते. उलट युग्लीना सडक्या, सेंद्रिय घाणीने भरलेल्या डबक्यात सुखाने नांदते. करंडक वनस्पतींना सिलिका हवी. इंग्लंडात विंडरमियर सरोवरात जॉन लंड यांनी दाखविले, की वसंतात तारकेसारखी दिसणारी ॲस्टेरिओनेला भराभर वाढते, आणि पाण्यातील विद्राव्य सिलिका लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली गेली, की तिची वाढ आटोपते. कवचाला माल संपला, कारखाना बंद! आणि नील-हरित शैवले? उष्ण, संथ आणि फॉस्फरसाने पुष्ट झालेले पाणी यांतील बहुतेकींना प्रिय. मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या बळावर ती वर तरंगते आणि सूर्यप्रकाशावर हक्क सांगते.

याचे भान प्रथम जर्मनीत आले. ब्रेस्लावच्या फर्डिनंड कोनने १८५३ मध्ये पिण्याच्या पाण्यातील जीवांकडे या दृष्टीने पाहिले. पुढे कोल्कविट्झ आणि मारसॉन यांनी १९०२ पासून मांडणी केली, की अमुक जाती गटाराच्या तोंडाशी, तमुक त्याच्या खालच्या प्रवाहात आणि आणखी तमुक नदी पुन्हा शुद्ध झाल्यावर. १९०८ मध्ये त्यांनी वनस्पतींची यादीच दिली. नदीकाठाने चालत जावे आणि कोठे काय उगवले आहे, यावरून कारखान्याने काय सोडले ते वाचावे, अशी ही युक्ती.

परंतु नाव ओळखण्याचे मोल मला खरे पटले ते दोन सरोवरांच्या कथेने. स्वित्झर्लंडमधील मूर्टेनच्या सरोवराचे पाणी अधूनमधून लाल होई. १४७६ मध्ये तेथे लढाई होऊन बर्गंडीचे हजारो सैनिक मारले गेले होते. कोळी म्हणत, हे त्यांचेच रक्त वर येते. १८२५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ द कांडोल यांनी ते तपासले आणि ते एक तंतुमय नील-हरित शैवल ठरले. त्याला त्यांनी ऑसिलेटोरिया रुबेसेन्स, म्हणजे लालसर झुलणारी, असे नाव दिले. (अलीकडे तिचे कुलनाम प्लँक्टोथ्रिक्स झाले आहे, शास्त्रज्ञांनाही नावे बदलण्याची हौस आहेच.) १८९८ च्या सुमारास हीच जात झुरिकच्या सरोवरात उसळली. काठची वस्ती वाढत होती, तिचे सांडपाणी सरोवराच्या खालच्या भागात जात होते. वरचा भाग चांगला राहिला, खालचा बिघडला. हे सगळे लिहिलेले होते.

आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील सिएटल शहरी चला. तेथे वॉशिंग्टन सरोवराच्या काठी दहाएक सांडपाणी केंद्रे शुद्ध केलेले पाणी सरोवरात सोडीत. शुद्ध केलेले, हे ध्यानात घ्या. दुर्गंधी नाही, कचरा नाही, तक्रार करावी असे काहीच नाही. १९५५ मध्ये एडमंडसन या प्राध्यापकांच्या चमूला पाण्यात एक तंतू सापडला. तोच, ऑसिलेटोरिया रुबेसेन्स. नाव कळताच झुरिकची सारी हकीकत त्यांच्यापुढे उभी राहिली. पाणी अजून वापरण्याजोगे असतानाच त्यांनी सांगितले, की उपाय केला नाही तर पुढे असे असे होईल. शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही फॉस्फरस उरतोच आणि शेवाळाला तेवढा पुरे, हे त्यांचे म्हणणे. गोष्ट मतदानाला गेली. १९५८ च्या मार्चमध्ये योजना पडली. कार्यकर्ते पुन्हा घरोघर फिरले, योजना आवरती केली आणि सप्टेंबरात ती संमत झाली. १९६३ पासून सांडपाणी वळविण्यास प्रारंभ झाला, १९६८ मध्ये ते काम पुरे झाले. पांढरी ताटली दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होईपर्यंतची खोली मोजण्याची एक सोपी रीत आहे. साठाच्या दशकाच्या आरंभी ही खोली उन्हाळ्यात एका मीटरच्या आसपास आली होती. पुढच्या दशकाच्या आरंभी ती सुमारे तीन मीटर झाली. तो लाल तंतूही हळूहळू हटला.

सभेत बोलणारा माणूस येथेच थांबेल आणि टाळ्या घेईल. पण झुरिकचे पुढले प्रकरण सांगितले पाहिजे. तेथेही सांडपाण्याची उत्तम व्यवस्था झाली, फॉस्फरस पुष्कळ कमी झाला, तरी लाल शैवल गेले नाही. त्याच्या अंगचे लाल रंगद्रव्य त्याला खोलवरच्या मंद उजेडातही पोसते आणि हवामान तापू लागल्यापासून हिवाळ्यात सरोवराचे वरचे-खालचे पाणी पूर्वीसारखे घुसळून निघत नाही. ती घुसळण त्याचा नाश करीत असे. एक अट सुधारली, दुसरी बिघडली.

फॉस्फरसाची गोष्टही सुखासुखी मान्य झाली नाही. साबण आणि धुलाईची पूड बनविणाऱ्या कारखानदारांच्या बाजूने साठाच्या दशकाच्या अखेरीस मांडले जात होते, की शेवाळ वाढते ते कार्बनमुळे, आमच्या फॉस्फेटमुळे नव्हे. कॅनडातील ऑन्टेरिओच्या रानात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. दुसरा भाग हिरवागार झाला. विमानातून काढलेले ते छायाचित्र पुढे वादात शंभर निबंधांपेक्षा अधिक कामी आले. वाटाघाटीत बसलेल्या माणसाला असा पुरावा पाहून हेवा वाटतो.

आणि अमेरिकेच्या रूथ पॅट्रिक यांना विसरून चालणार नाही. फिलाडेल्फियाच्या विज्ञानसंस्थेत १९३३ पासून त्या काम करीत होत्या आणि १९४५ पर्यंत त्यांना त्याचा पगार नव्हता. बारा वर्षे! आमच्या संघटनेकडे हे प्रकरण आले असते तर... असो. १९४८ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातील कोनेस्टोगा नावाच्या नदीचा ठिकठिकाणी अभ्यास केला आणि सांगितले, की एका जातीच्या साक्षीवर निकाल देऊ नका. निरोगी प्रवाहात पुष्कळ जाती असतात आणि प्रत्येकीची संख्या बेताची. घाण शिरली, की जाती घटतात आणि उरलेल्या दोन-चार बेसुमार माजतात. त्यांनी पाण्यात काचपट्ट्या टांगून ठेवण्याचे उपकरण केले. पट्टीवर करंडक वनस्पती आपण होऊन वस्ती करतात, मग ती काढून मोजावयाची. त्या १०५ वर्षे जगल्या. २०१३ मध्ये वारल्या.

आपल्या देशात मद्रासच्या एम. ओ. पी. अय्यंगार यांनी या शास्त्राची परंपरा घातली. टी. व्ही. देशिकाचारी यांचा नील-हरित शैवलांवरील ग्रंथ १९५९ चा. आणि आपल्या अगदी अंगणातले नाव म्हणजे हेमेंद्रकुमार गांधी. कोल्हापूर आणि परिसरातील करंडक वनस्पतींवर त्यांचा लेख १९५८ मध्ये, पन्हाळगडावरील पाण्याविषयी १९५९ मध्ये आणि मुंबई-साष्टीविषयी १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. पन्हाळ्याची तळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कोणी सहलीला, कोणी शिवचरित्राच्या ओढीने. त्या पाण्यात त्या वेळी काय नांदत होते, याची नोंद कोणी करून ठेवली आहे, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. पाणी बिघडले असे म्हणावयाचे तर ते पूर्वी कसे होते ते दाखवावे लागते. अशी दाखविण्याजोगी नोंद आपल्याकडे फार थोड्या पाणवठ्यांची आहे.

रंगावरून निदान करू नये, याचा धडाही आपल्याला घरीच मिळाला. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. ते सरोवर खारे आहे, आजच्या विषयाबाहेरचे. पण बहुतेकांनी पाहताक्षणी शेवाळाकडे बोट दाखविले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा तो रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा निघाला. मूर्टेनचे लाल आणि लोणारचे गुलाबी, दोहोंचे कूळ वेगळे.

आता ‘उकळून प्या’ या सल्ल्याकडे येतो. मायक्रोसिस्टिसच्या काही प्रकारांत यकृताला घातक असे विष असते. पाणी उकळले, की पेशी फुटतात आणि विष पाण्यात उतरते. ते उष्णतेने जात नाही. २०१४ च्या ऑगस्टात अमेरिकेतील टोलेडो शहरात सुमारे पाच लाख लोकांना कळविण्यात आले, की नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करण्यासाठी वापरलेल्या पाण्यात हे विष होते. ५० हून अधिक रुग्ण दगावले. तेव्हा ‘शेवाळ निरुपद्रवी असते’ हे वाक्य जितके बेजबाबदार, तितकेच ‘शेवाळ म्हणजे विष’ हेही.

आमच्या वसाहतीत काय निघाले? एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे मी बाटली घेऊन गेलो. त्यांनी बाटली रात्रभर तशीच न हलविता ठेवावयास सांगितली. वायूच्या पोकळ्या असलेली नील-हरित शैवले सकाळी वर साय धरतात. आमचे हिरवे तळाशी बसले. थेंबात आयोडीन सोडले तेव्हा पेशींत निळे-काळे डाग उमटले, म्हणजे पिष्ट. नील-हरित शैवलांत ते नसते. मग मला भिंगातून दिसले सीनेडेस्मस, चार पेशी एकमेकींना बिलगून बसलेल्या आणि कडेच्या दोघींना शिंगांसारखे काटे. सोबत पेडिअ‍ॅस्ट्रम, सुदर्शनचक्रासारखे. दोन्ही साधी हिरवी शैवले. माझे विष कोठेच नव्हते.

परंतु बाई म्हणाल्या, “ही उन्हाशिवाय वाढत नाहीत, आणि एवढी वाढली म्हणजे त्यांना खतही मिळते आहे. तुमची टाकी उघडी आहे का?” कचेरीच्या वहीत टाकी झाकलेली होती. आम्ही दोघे शिडी लावून वर गेलो. दोन झाकणांपैकी एक नव्हतेच. आत ऊन पडले होते, आणि कडेवर पारव्यांची वस्ती; त्यांची विष्ठा थेट पाण्यात. म्हणजे भीती शेवाळाची नव्हती, पारव्यांची होती. आणि त्या भीतीला उकळणे हाच तूर्त उपाय होता! त्या शांत अधिकाऱ्यांनी योग्य सल्ला दिला होता, फक्त का, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

पुढल्या द्वारसभेत मला सांगावे लागले, की मागल्या खेपेस मी विष म्हणालो ते चूक होते. मागे उभी असलेली पोरे हसली. मग झाकणाची गोष्ट सांगितली, तेव्हा हसणे थांबले. पंधरा दिवसांत झाकण बसले आणि टाकी धुतली गेली. महिन्याभरात हंड्यातील थर दिसेनासा झाला.

काल संध्याकाळी मी आपल्या गावच्या तळ्याचे पाणी एका बाटलीत भरून आणले आहे. ती त्या टेबलावर रात्रीपासून न हलविता ठेवली आहे आणि आज सकाळी पाहिले तेव्हा वर हिरवी साय आली होती. ती कशाची, हे मी अद्याप पाहिलेले नाही. सूक्ष्मदर्शक शेजारी मांडला आहे, आयोडीनची कुपीही आहे. सभा संपल्यावर ज्यांना वेळ असेल त्यांनी थांबावे. मुलांना आधी पाहू द्यावे.